जोडीचं कॉलेज

त्या शनिवारी आम्ही हरलो, म्हणून सेंट वेंडेलिनच्या चर्चच्या तळघरात माझे वडील कॉफीच्या मोठाल्या किटल्या घासत होते.

हा नियम कुठे लिहिलेला नाही. आमचं ऑल्सबी कॉलेज आणि पलीकडच्या गावातलं सेंट वेंडेलिन यांचा बास्केटबॉलचा सामना झाला की यजमान संघाची मुलं पाहुण्यांना जेवायला वाढतात, आणि ज्याचा संघ हरला तो कोच शेवटी भांड्यांना हात लावतो. वडील बाह्या कोपरापर्यंत दुमडून, टाय खांद्यावरून पाठीमागे टाकून उभे होते. मी शेजारी फडकं घेऊन पुसत होते. सेंट वेंडेलिनचे कोच लँबर्ट कुन्झ खुर्ची उलटी करून, पाठीवर हनुवटी टेकवून देखरेख करत होते.

"लेलंड, तळाला अजून काळं आहे," लँबर्ट म्हणाले. "तुझ्या बचावासारखं. वरून चकचकीत, आत बघवत नाही."

"तुझी पोरं आज बरी खेळली," वडील म्हणाले. "कुणाची उसनी आणली होतीस?"

"पाद्रीबाबांनी नवस केला होता."

"तरीच. देवाला मधे घातल्याशिवाय तुला कधी जमलंय?"

लँबर्ट खुशीत हसले आणि कचऱ्याची पिशवी बाहेर टाकायला गेले. ते गेल्यावर वडिलांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "गुरुवारी समितीत 'राहायचं' असंच म्हणणार ना?"

प्रश्न कॉन्फरन्सचा होता. दर हिवाळ्यात ज्या कॉलेजांशी खेळायचं त्यांचा गट, तो सोडून पूर्वेच्या दुसऱ्या गटात जायचं की नाही, हा. आमच्या गटातली जवळची कॉलेजं एकेक करून निघून गेली होती. उरली होती ती पार मॉन्टानाच्या कडेची नाहीतर पश्चिम नेब्रास्कातली. इतक्या लांबून एका सामन्यासाठी कुणी येत नाही, म्हणून गटाने कॉलेजांच्या जोड्या लावलेल्या. पाहुणे शुक्रवारी आमच्याकडे खेळायचे आणि शनिवारी सेंट वेंडेलिनला, मग परत. आम्ही त्यांच्याकडे गेलो तरी तसंच. पूर्वेच्या गटाने फक्त आम्हाला बोलावलं होतं. सेंट वेंडेलिन त्यांना लहान पडत होतं. आम्ही निघालो की लँबर्टच्या कॉलेजाला जोडी उरणार नव्हती, आणि जोडी नाही म्हणजे गट नाही. तिथली निम्मी मुलं खेळायला म्हणूनच येतात.

खेळ-समितीत प्राध्यापकांच्या वतीने मी होते. बापाच्या संघावर मुलीने लक्ष ठेवायचं, हे दुसरीकडे चाललं नसतं. ऑल्सबीत ते काम घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. समितीतले दोघं राहायच्या बाजूचे होते, दोघं जायच्या. पाचवी मी.

मी उत्तर दिलं नाही. किटली पुसली, झाकण बसवलं, पुढची घेतली.

"बरं," वडील म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "त्या नळाला वायसर पाहिजे. लँबर्टला सांगितलं पाहिजे."

आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. नॉर्वेहून आलेल्यांनी ती आणली की इथल्या थंडीने लावली, मला माहीत नाही. मी इतिहास शिकवते, पण याचं उत्तर मला पुस्तकांत सापडलेलं नाही. एखाद्याला काही विचारावं, तो गप्प राहिला आणि हातातलं काम करत राहिला, तर त्याची हरकत नाही असं धरायचं. शेतांचे बांध असे ठरलेत, लग्नं अशी ठरलीत. माझी गप्प बसण्याची सवय याच घरातली होती, तेव्हा वडिलांनी तिचा तोच अर्थ लावला यात त्यांची काही चूक नाही.

परतताना ते नेहमीप्रमाणे मुलांबरोबर बसमधून गेले आणि मी माझ्या गाडीतून मागे. बसचे मागचे लाल दिवे दिसत राहतील इतकंच अंतर ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना चर्चला न्यायला गेले, तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलेले होते. एका पायात बूट होता. दुसरा हातातून खाली पडला होता. कॉफी गार झाली होती. मी आधी तो बूट उचलून नीट ठेवला, मग फोन केला.

अंत्यविधीनंतरचं जेवण आमच्या प्रॉटेस्टंट चर्चच्या तळघरात होतं. आर्डिस, जिच्या हाती ते स्वयंपाकघर माझ्या जन्माआधीपासून आहे, तिने हॅमची सँडविचं, भट्टीत भाजलेला बटाट्याचा हॉटडिश आणि खजुराच्या वड्या मांडल्या होत्या. लोक रांगेत उभे राहायच्या आत जिन्यावरून लँबर्टची मुलं उतरली. सगळ्यांच्या गळ्यात टाय, बहुतेकांचे वडिलांकडून मागून आणलेले. काही न बोलता त्यांनी ट्रे उचलले.

"हे काय?" आर्डिस म्हणाली. "आमच्या तळघरात कॅथलिक पोरं वाढणार?"

"लेलंड आज पाहुणा आहे, आर्डिस," लँबर्ट म्हणाले. "पाहुण्याच्या माणसांनी वाढायचं नसतं."

आर्डिसने हात ॲप्रनला पुसले. मग एका उंच मुलाच्या हातात साखरेचं भांडं दिलं. "हे आधी म्हाताऱ्यांकडे ने. आणि वाकून दे. त्यांना छताकडे बघायला लावू नकोस."

आमची मुलं बसली आणि त्यांची मुलं वाढत राहिली. मी भिंतीशी उभी होते. लँबर्ट कॉफीचे दोन कप घेऊन माझ्याकडे आले.

"पोरी, खाल्लंस काही?"

"खाईन."

"तो शनिवारी जाताना मला म्हणाला," त्यांनी आवाज खाली आणला. "'माझी सोल्वे आपल्या बाजूला आहे,' म्हणाला. 'मी तिला विचारलं आणि तिची हरकत नव्हती.' या हिवाळ्यात पहिल्यांदा मला शांत झोप लागली बघ. आता वाटतं, त्याने ते जाण्याआधी मुद्दाम मिटवून ठेवलं."

समोर त्यांचा तो उंच मुलगा आमच्या पाद्रीणबाईंपुढे जवळजवळ गुडघ्यांवर येऊन साखर देत होता.

मी कॉफी प्यायले. म्हणजे पुन्हा एकदा हो म्हणाले.

पुढच्या दोन दिवसांत घरात इतके हॉटडिश आले की फ्रिजचं दार लागेना. प्रत्येक भांड्यामागे एक वाक्य यायचं. शेजारचे म्हणाले, कोचचं अपुरं काम तुझ्या हातून होणार. पेट्रोल पंपावरच्या बाई म्हणाल्या, तू आहेस म्हणून आम्हाला काळजी नाही. धान्याच्या कोठाराबाहेरच्या पाटीवर भाव पुसून त्या जागी कुणीतरी लिहिलं होतं, 'कोचसाठी राहूया.' मुलांनी जर्सीवर काळी पट्टी शिवून घेतली. गावात वडिलांना सगळे कोच म्हणत आणि मला कोचची सोल्वे. माझं आडनाव कुणाला कधी लागलंच नाही. आई गेली तेव्हा मी एका वर्षासाठी म्हणून परत आले होते. त्यानंतर माझ्या गाडीचा आवाज ओळखून लोक खिडकीतून हात करू लागले, आणि ज्या गावात लोक गाडीच्या आवाजाला हात करतात तिथून निघायचं तर आधी शंभर जणांना उत्तर द्यावं लागतं.

मंगळवारी कॉलेजच्या अध्यक्षांनी बोलावलं. डॉ. रोझलिन प्रायर दक्षिणेकडच्या. त्या सरळ बोलतात आणि अजूनही घरात कोट घालून बसतात.

"सोल्वे, मी दबाव आणत नाहीये," त्या म्हणाल्या. "पण एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. तुमच्या वडिलांचं मन शेवटी वळलं होतं. मागच्या आठवड्यात ते इथेच बसले होते. मी नकाशा मांडला, पूर्वेची सगळी कॉलेजं दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एका शब्दानेही नाही म्हणाले नाहीत."

"आणि कॉफी घेतली?"

"दोनदा. का?"

मला हसू आलं. शनिवारनंतर पहिल्यांदाच. मग ते थांबवणं अवघड गेलं आणि डॉ. प्रायरनी कागदी रुमालांचा डबा माझ्यापुढे सरकवला. हसू आहे हे त्यांना कळलं नसावं. इतकी वर्षं हे गाव ज्या रीतीवर चाललं, तिनेच वडिलांना दोन्ही बाजूंना बसवून ठेवलं होतं, आणि आता उठून सांगायला ते नव्हते.

त्यांचं खरं मत मला माहीत होतं. त्यांना राहायचं होतं. लँबर्टला मागे टाकून जाणं त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं. माझंही मत मला माहीत होतं, आणि ते वेगळं होतं. सोमवारच्या सकाळच्या माझ्या वर्गात संघातली मुलं उघड्या डोळ्यांनी झोपतात. बस रविवारी उजाडता उजाडता पोचते, आणि एका दिवसात ती झोप भरून निघत नाही. गेल्या जानेवारीत ती वळणावर घसरून चारीत गेली होती. कुणाला काही झालं नाही. वडिलांनी मदत येईपर्यंत मुलांना गाणी म्हणायला लावली, आणि गावात तो किस्सा गाण्यांचा म्हणूनच सांगितला जातो. पूर्वेच्या गटातली सगळी कॉलेजं अशी, की खेळून मुलं त्याच संध्याकाळी आपापल्या बिछान्यात असतील.

एवढंच. पण ते म्हणायचं तर त्या टाय घातलेल्या मुलांसमोर म्हणायचं होतं.

निदान लँबर्टना आधी घरी जाऊन सांगावं असं ठरवून बुधवारी दुपारी मी निघाले. चार लोकांत ऐकायला लागू नये. गाव संपतं तिथे महामार्गाचं फाटक बंद होतं. वादळ आलं की ते आडवं लावतात आणि वर पिवळा दिवा फिरत राहतो. मी इंजिन चालू ठेवून फाटकासमोर बसले. पलीकडे रस्ता होता की नाही तेही दिसत नव्हतं. मागून बर्फ ढकलणारी गाडी आली, चालकाने काच खाली केली.

"कोचची सोल्वे ना? कुठे निघालीस?"

"सेंट वेंडेलिनला."

"आज नाही. आज कुणीच कुठे जात नाही." मग जरा विचार करून म्हणाला, "उद्या आमच्यासाठी बोलणार आहेस ना? बायको म्हणत होती."

मी गाडी वळवली. फोन उचलून लँबर्टचा नंबर काढला. त्यांनी पहिल्याच घंटीला घेतला. "पोरी, खातेस ना?" मी म्हटलं, खाते. ते म्हणाले, उद्या येतो, लेलंडच्या जागी नको पण मागे कुठेतरी बसतो. मी म्हटलं, रस्ते बघून या.

गुरुवारी रस्ते उघडले. समितीची बैठक ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत होती आणि खुर्च्या भरून लोक भिंतींना टेकून उभे होते. लँबर्ट शेवटच्या रांगेत होते, टोपी गुडघ्यावर. दोघं राहायच्या बाजूने बोलले. दोघं जायच्या बाजूने. दोन्हीकडच्यांनी वडिलांचं नाव घेतलं. समितीचे प्रमुख, आमचे दाताचे डॉक्टर, माझ्याकडे वळले आणि त्यांनी आवाज मऊ केला.

"सोल्वे, घाई नाही. तू फक्त कोचच्या वतीने दोन शब्द बोल. बाकी आम्ही समजून घेऊ."

बाहेर पडायची शेवटची वाट त्यांनी उघडून दिली होती. दोन शब्द नसले तरी चाललं असतं. मी नुसती बसून राहिले असते तरी राहायच्या बाजूने मत पडलं असतं, आणि सगळे कोट घालून घरी गेले असते.

"कोचच्या वतीने मी बोलत नाही," मी म्हणाले. "त्यांना राहायचं होतं. त्यात शंका नको. डॉ. प्रायर, ते तुम्हाला नाही म्हणाले नाहीत कारण ते कुणालाच म्हणत नसत. पण शनिवारी त्यांनी मला विचारलं, आणि मी गप्प राहिले, तो होकार नव्हता. माझं मत जायचं आहे."

मागे लँबर्ट उभे राहिले. रागावलेले नव्हते. वजन चुकीच्या पायावर गेल्यासारखे, एक हात पुढच्या खुर्चीवर.

"पोरी," ते म्हणाले. "तो तर म्हणाला…"

"त्यांना तसंच वाटलं, लँबर्ट. मी वाटू दिलं."

"मग त्याला का नाही सांगितलंस? तो ऐकून घेणारा माणूस होता. माझ्यापेक्षा तुझं जास्त ऐकलं असतं त्याने. काय सांगायचं होतं तुला?"

हे त्यांनी भांडण म्हणून विचारलं नाही. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं, आणि त्या खोलीत आतापर्यंत दुसऱ्या कुणाला ते हवं नव्हतं. मी समितीकडे पाठ केली. लँबर्टकडे बघून बोलायला लागले, पण ज्याला सांगायचं होतं तो दुसराच होता, आणि हे आम्हा दोघांनाही पहिल्या शब्दाला कळलं.

"डॅड, मला भीती वाटायची. मी लहान होते तेव्हापासून, प्रत्येक हिवाळ्यात, तुमची बस गावाबाहेर पडली की ती परत येईपर्यंत मला भीती वाटायची. आईला पण वाटायची. आम्ही एकमेकींना सुद्धा सांगितलं नाही. मला म्हणायचं होतं, नका जाऊ इतक्या लांब."