तात्याबांची मेंढरं मोजणारं अ‍ॅप

मी एक जुनं अ‍ॅप आहे. जुनं म्हणजे दोनच वर्षांचं, पण आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं. मित्रांनो, सांगोल्याकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या तात्याबांच्या फोनमध्ये मी एका कोपऱ्यात पडून आहे.

मला त्यांच्या लेकीनं, पायलनं बनवलं. सोलापुरात सात रस्त्याजवळ ती अ‍ॅप बनवायच्या क्लासला जायची. विजेट नावाचे तयार तुकडे असतात, ते डब्यात डबा ठेवावा तसे एकात एक बसवायचे. तिनं वर 'मेंढरं' लिहिलं, मधोमध मोठा आकडा ठेवला, खाली अधिकचं बटण. काय ती ऐट माझी! पायलसाठी मात्र हा खेळ नव्हता. "दिवाळीनंतर मेंढरांमागं यावं लागंल," असं तात्याबांनी तिला बजावलं होतं. माझा उपयोग दिसला तर ते पुढं शिकू देतील, एवढीच तिची आशा. म्हणून घाईघाईनं तिनं मला त्यांच्या फोनमध्ये घातलं. आकडा जपून कसा ठेवायचा, तो धडा पुढच्या आठवड्यात होता.

तात्याबांनी जन्मात मेंढरं मोजली नव्हती. रात्री मेंढरं कोंडायच्या जाळीच्या कुंपणाच्या, म्हणजे वाघरीच्या, तोंडाशी उभं राहून ते एकेकीचं तोंड बघायचे. काळतोंडी आली, बांडी आली. पण लेकीचा मान राखायचा, म्हणून त्या संध्याकाळी ते माझ्याकडे बघत बटण दाबत राहिले. एकतीसवर फोन वाजला. पायलचाच होता.

"आबा, जमतंय का?"

"व्हय की. लई ब्येस हाय."

फोन बिचारा साधा. कॉल आला की मला बंदच करून टाकायचा. परत उघडलं तेव्हा माझ्यावर शून्य होतं. तोवर उरलेली मेंढरं आत शिरली होती. "असतील की समदी," म्हणत तात्याबांनी वाघर बांधली.

सकाळी काळतोंडीची दोन कोकरं ओरडत होती. त्यांची आई आत नव्हतीच. लांडग्यानं ओढ्यात थोडी लोकर तेवढी ठेवली होती. पुढं कोकरंही जगली नाहीत.

"पोरी, चूक माजी हाय. मी तोंडं बगितली न्हाईत," तात्याबा म्हणाले. पायलला ते पटलं नाही. तिनं तो पुढचा धडा घेतलाच नाही. दिवाळीआधीच ती आपणहून मेंढरांमागं आली.

मित्रांनो, कुणाच्या हाती काही द्याल, तर आधी एकदा बंद करून पुन्हा उघडून बघा. माझ्यात दोन-तीन ओळीच कमी पडल्या होत्या.

लेकीनं केलंय म्हणून तात्याबा मला काढून टाकत नाहीत. कधीमधी उघडतात, एकदाच बटण दाबतात, एकचा आकडा बघतात आणि फोन बंडीच्या खिशात टाकतात. तो एकसुद्धा मला राखता येत नाही.