संस्कृती बसायची ते बाकडे

मी एक जुने सागवानी बाकडे आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने जरा भित्रे आहे. बाकड्याला कसली आली भीती, असे तुम्ही म्हणाल. पण नारायण पेठेतल्या कुटुंब सल्ला केंद्राच्या व्हरांड्यात माझ्यासारखी वर्षे काढली असती, तर तुम्हीही भित्रे झाला असता. इथे येणारा माणूस मला धरून बसतो. त्याची बोटे माझ्या कडेखाली घट्ट वळतात, पाय हलत राहतो, आणि त्याची धास्ती हळूहळू माझ्या लाकडात उतरते.

माझा जन्म मात्र एका शिकवणी वर्गासाठी झाला होता. बद्रीनाथ नावाच्या सुताराने मला घडवले. रंधा मारून झाल्यावर त्याने माझ्यावरून तळहात फिरवला आणि तो वर्गाच्या सरांना म्हणाला, "हे बाकडं तुमच्या नातवंडांनाही पुरेल." मला फार अभिमान वाटला. मुले माझ्यावर बसून पाढे म्हणत, कर्कटकाने नावे कोरत, डब्यातला लाडू सांडत. पुढे वर्ग कोथरूडला मोठ्या जागेत गेला. तिथे नवे फर्निचर आले आणि मला या केंद्राला देऊन टाकले.

इथे मंदाकिनीताई काम करतात. घरातली भांडणे, मुलांच्या अडचणी, आजारपणातून उभे राहिलेले प्रश्न घेऊन लोक त्यांच्याकडे येतात. त्या सहसा कुणाला टेबलासमोर बोलावत नाहीत. बाहेर येतात, माझ्यावर शेजारी बसतात आणि विचारतात, "चहा झाला का?" मग बराच वेळ नुसते ऐकतात.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर बजरंग, त्यांची पत्नी शालू आणि मुलगी संस्कृती असे तिघे जण आले. शहराच्या हद्दीत नव्याने आलेल्या एका गावातले हे शेतकरी कुटुंब. संस्कृती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. एकदा वर्गातच तिला फिट आली होती. डॉक्टरांनी तपासून अपस्मार असल्याचे सांगितले, तिला रोजच्या गोळ्या सुरू केल्या आणि तिच्या शिक्षिकेने या कुटुंबाला इथे पाठवले.

"पोरीला काय बी झालेलं नाय," बजरंग बसायच्या आधीच म्हणाले. "उपाशी होती, डोकं गरगरलं. माघात साखरपुडा हाय तिचा. ही गोष्ट भाईर जाता कामा नये, एवढंच बघा ताई."

"बाहेर जाणार नाही," मंदाकिनीताई म्हणाल्या. "पण गोळ्या चुकवायच्या नाहीत. मनाने बंद केल्या तर जोराची फिट येऊ शकते. साखरपुड्याचं काय करायचं, ते आपण बोलू."

त्यांनी तिघांनाही पुन्हा बोलावले. प्रत्येकाशी आधी वेगळे बोलायचे आणि मग एकत्र, ही त्यांची पद्धत. दुसऱ्या खेपेला बजरंग आत गेले आणि मायलेकी माझ्यावर बसून राहिल्या. दार लागताच संस्कृती कुजबुजली, "आई, पप्पांनी गोळ्यांचं पाकीट ठेवून घेतलंय. आज तिसरा दिवस आहे."

"हळू बोल," शालू म्हणाली. "सासरी पर्समध्ये गोळ्या सापडल्या तर काय सांगायचं, म्हणत्यात ते. लगीन होऊ दे, मग घे."

"आणि तोपर्यंत फिट आली तर?"

शालूने माझी कड घट्ट धरली.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझी झोप उडाली. आतल्या ताईंना जे कळायला हवे होते, ते मला कळले होते, आणि मला तोंड नव्हते. शालू आत जाईल तेव्हा सांगेल, अशी मी वाट पाहिली. ती आत गेली, बाहेर आली, आणि तिचा चेहरा होता तसाच होता. त्यानंतर रिक्षा थांबली, की मला वाटे, आली बातमी. फोन वाजला, की वाटे, हाच तो फोन. संस्कृती विहिरीजवळ, रस्त्यावर, गॅसपाशी कुठे असेल, याचा विचार करत मी दिवस काढत होते.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा मला हायसे वाटले. ती माझ्या टोकाला बसली. शालू शेजारी होती आणि बजरंग व्हरांड्यात फोनवर मांडववाल्याशी बोलत होते. संस्कृती आईला म्हणाली, "मला कसंतरीच..." वाक्य पूर्ण झाले नाही. तिचे अंग ताठ झाले आणि हात झटके देऊ लागले. माझा मागचा एक पाय आधीच सैल झाला होता, तो फरशीवर खडखडू लागला. ती माझ्यावरून जमिनीवर घसरली. शालूने कसेबसे तिचे डोके सावरले.

बजरंगांनी पायातली चप्पल काढली आणि ती तिच्या नाकाला लावायला ते धावले.

"अहो, ती चप्पल खाली ठेवा!" मंदाकिनीताई दारातून धावत आल्या. "तोंडात काही घालू नका, हात धरून ठेवू नका. श्याम, हे बाकडं मागे ओढ आणि लोकांना लांब कर."

केंद्राचे शिपाई श्याम यांनी मला भिंतीशी सरकवले. ताईंनी संस्कृतीच्या डोक्याखाली ओढणीची घडी ठेवली, गळ्याजवळचे बटण सोडले, झटके ओसरताच तिला कुशीवर वळवले. मग त्या घड्याळाकडे पाहत तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिल्या.

संस्कृतीने डोळे उघडले. तिला काही सुधरत नव्हते. तेव्हा शालू नवऱ्यादेखत पहिल्यांदा बोलली. "ताई, गोळ्या बंद हायेत. यांनी काढून घेतल्या. मला म्हाईत होतं, आन् मी गप बसले."

बजरंगांनी मान वर केली नाही. त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन संस्कृतीला तपासले आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

काही दिवसांनी बजरंग एकटेच आले आणि माझ्यावर बसले. आता ताई यांना खडसावणार, असे मला वाटले. ताईंनी इतकेच विचारले, "तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?"

ते हाताची बोटे मोडू लागले. "माझी थोरली भैण," ते म्हणाले. "तिला अशाच फिटा यायच्या. सासरच्यांनी महिन्यात माघारी आणून घातली. पुढं जलमभर गोठ्याशेजारच्या खोलीत राहिली. एक दिस पाण्याला गेली, ती हिरीतच सापडली. लोक म्हणले, जीव दिला. तिनं जीव नव्हता दिला, ताई. तिला फिट आली होती."

"तिला औषध होतं का?"

"कुणी दिलंच नाय."

"संस्कृतीला आहे," ताई म्हणाल्या. "रोज घेतलं तर ती शिकेल, नोकरी करेल, संसारही करेल. सासरच्यांना काय सांगायचं, ते मात्र मी ठरवणार नाही. ते तिला विचारा."

संस्कृतीला विचारल्यावर ती म्हणाली, "मी स्वतः सांगणार त्यांना."

नवरा मुलगा तेजस आणि त्याची आई यमुनाबाई केंद्रात आले. संस्कृती उभी राहिली आणि तिने आजाराचे नाव घेऊन सगळे सांगितले. यमुनाबाई थंडपणे म्हणाल्या, "अहो, पत्रिका तेवढ्या बारकाईने जुळवलीत, ही एक ओळ राहिली होय?" तेजस आपल्या बुटांकडे पाहत बसला. जाताना "कळवतो" म्हणाला.

पुढे नकार आला. गावात बोलाबोली झाली. मला पुन्हा धास्ती बसली, की बजरंग आता सारा राग लेकीवर काढतील. ते आले तेव्हा मी त्यांच्या पावलांचा आवाज कान देऊन ऐकला. ते बसले आणि शेजारची जागा झटकून संस्कृतीला म्हणाले, "बस." मग ताईंकडे वळून म्हणाले, "मोडलं तर मोडलं. पोरगी हाय ना डोळ्यापुढं. सकाळची गोळी मी सोता देतो."

संस्कृती हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. ताईंनी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "फिट आलेली मला आठवतसुद्धा नाही, मॅडम. पण शुद्धीवर आल्यावर वर्गातले सगळे ज्या नजरेने बघत होते, ती विसरता येत नाही. त्यानंतर माझ्या बाकावर कुणी बसलंच नाही."

आता केंद्रात स्टीलच्या खुर्च्या येणार आहेत. मला कुठे ठेवतील, ठाऊक नाही. त्याची काळजी वाटते, खोटे कशाला सांगू? पण तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. तुमच्या वर्गात कुणाला अशी फिट आली तर चप्पल शोधू नका, गर्दी करू नका. मोठ्यांना हाक मारा, झटके ओसरले की त्याला कुशीवर वळवा, जवळ थांबा. आणि दुसऱ्या दिवशी तो मान खाली घालून वर्गात येईल, तेव्हा थोडे सरकून त्याला म्हणा, "ये, इथे बस."