शेजारी विचारल्याशिवाय

“अप्पा, आलो आपण! पहिल्या पानावर, सगळ्यांच्या वर!” सून मोबाइल नाचवत दुकानात शिरली.

अप्पांनी किल्ली घासायची कानस बाजूला ठेवली आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला. त्यांचा सगळा जन्म कुलपांत गेला होता. हल्ली मात्र किल्ली हरवली की लोक आधी फोनमध्ये शोधतात, आणि तिथे अप्पा नव्हतेच. म्हणून सुनेने हौसेने त्यांची वेबसाइट केली. ती महिनोन् महिने कुणाला दिसली नाही.

“नव्या साइटवर सर्च इंजिन विश्वास नाही ठेवत हो,” तिने तेव्हा समजावलं होतं. “जुन्या, ओळखीच्या साइटींनी आपलं नाव घ्यायला हवं, गिऱ्हाइकांनी चांगलं लिहायला हवं. मग हळूहळू पत वाढते.”

“बरोबरच आहे त्याचं,” अप्पा म्हणाले होते. त्यांचा नियमही हाच होता. माणूस कितीही गयावया करो, शेजारी विचारल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. या नियमापायी त्यांनी खुद्द जावयाला त्याच्याच घराबाहेर ताटकळत ठेवलं होतं, शेजारीण बाजारातून येईपर्यंत.

आता हे हळूहळूचं एकदम कसं झालं, असं विचारणार तोच फोन वाजला. “किल्ली हरवलीय. बायको बाहेरगावी. लगेच या.”

अप्पा पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोहोचले आणि सवयीने समोरच्या घराची बेल दाबली.

“अहो, हे काय?” इस्त्रीच्या कपड्यांतला तो माणूस खेकसला.

“शेजारी विचारतो. रीत आहे माझी.”

“कसली रीत? तुमच्याच साइटवर बघा काय लिहिलंय!”

त्याने फोन पुढे केला. वर अप्पांचा हसरा फोटो. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘काहीही न विचारता पाच मिनिटांत दार उघडलं. मस्त माणूस!’ त्याखाली दुसऱ्या नावाने तेच. तिसऱ्या नावाने तेच. यातल्या एकाचंही तोंड अप्पांनी पाहिलं नव्हतं.

समोरचं दार एका म्हातारीने उघडलं. त्या माणसाला पाहताच म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला.

“हा इथे राहत नाही हो! ह्याची बायको आत आहे. ह्याच्याच भीतीने घर बदललंय तिनं.”

तेवढ्यात बंद दाराआड काहीतरी जड सरकल्याचा आवाज आला. आतली बाई टेबल दाराला लावत होती. पिशवीतल्या हत्यारांचा खणखणाट तिने ऐकला असणार.

म्हातारीने पोलिसांना फोन लावला तसा तो माणूस शिव्या देत जिना उतरला.

“बाई, गेला तो,” अप्पा दाराशी म्हणाले. “मी उघडणार नव्हतो हो. खरंच.”

आत टेबल आणखी घट्ट दाराला भिडलं. तिने तरी का विश्वास ठेवावा?

दुकानात सुनेला रडू आवरेना. “साइट वर आणून देतो म्हणणाऱ्या एका एजंटाला पैसे दिले मी. म्हणाला, सगळं मी बघतो. त्यानं काय लिहिलं, मी वाचलंच नाही, अप्पा.”

“काढून टाक सगळं.”

“मग आपण पुन्हा कुठेच दिसणार नाही.”

“नाही तर नाही.”

संध्याकाळी अप्पा परत त्या जिन्यावर गेले. म्हातारीने आधी दार ठोठावलं. “मी आहे गं. हे कुलूपवाले काका. बेल दाबून मला विचारलं यांनी, म्हणून तू वाचलीस.”

बऱ्याच वेळाने टेबल जरासं सरकलं. फटीतून एक हात आला. अप्पांनी त्यावर लोखंडी कडी, स्क्रू आणि पेचकस ठेवला. दार पुन्हा लागलं.

अप्पा दाराकडे पाठ करून पायरीवर बसले.

“आधी वरचा स्क्रू,” ते म्हणाले. “घट्ट पिळा. ही कडी बाहेरून कुणालाच उघडता येत नाही. मलासुद्धा नाही.”

आत पेचकस फिरू लागला.