कच्च्या दोऱ्याची टीप

खट्!

दुपारचं घर अगदी शांत होतं, आणि तेवढ्यात माझ्या लाकडी झाकणाची कडी निघाली. मित्रांनो, हा आवाज झाला की कामाला लागायचं, एवढंच मला ठाऊक. पण आज नुसतं काम नव्हतं. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आज मी आणि माझी मालकीण, आम्ही दोघी मिळून एका बाईवर उट्टं काढणार होतो.

मी एक जुनी शिवणाची मशीन आहे. पायानं चालणारी. अंग ओतीव लोखंडाचं, काळंभोर. मानेवर सोनेरी वेल होती, ती आता हात लागून लागून पुसट झाली आहे. कारखान्यात एका म्हाताऱ्या कारागिरानं माझं चाक फिरवलं, कान लावला आणि तो म्हणाला, "ही बोलेल कमी, चालेल फार." ते खरं झालं. मी बोलत नाही, ऐकते. आणि ऐकलेलं विसरत नाही, एवढा एक दोष माझ्यात आहे.

मला पहिल्यांदा घेतलं ते माझ्या मालकिणीच्या आईनं. तिच्या हाताखाली मी पडदे शिवले, उशांचे अभ्रे शिवले, शाळेचे गणवेश तर मोजलेच नाहीत. मग तिची नजर अधू झाली आणि मी अडगळीच्या खोलीत गेले. डोक्यावर फुटकी बॅग, अंगावर धूळ. उंदरांनी माझं चाक फिरवणारी चामड्याची वादी कुरतडली. अशी किती वर्षं गेली कोण जाणे. एक दिवस लेक आली, कडेवर तान्ही मुलगी घेऊन. तिनं मला बाहेर काढलं, रॉकेलनं पुसलं, प्रत्येक भोकात तेलाचा थेंब सोडला, नवी वादी चढवली. त्या दिवसापासून मी तिची झाले.

बाळ झोपलं की ती शिवायची. पण गंमत अशी, की माझी खडखड थांबली की बाळ जागं व्हायचं! मग ती एका पायानं मला चालवायची आणि दुसऱ्या पायानं पाळणा हलवायची. त्या पोरीला मी माझ्या आवाजात वाढवलं आहे. आता ती पाच वर्षांची आहे.

चारच्या सुमारास मालकिणीच्या दोन मैत्रिणी यायच्या. एक नर्स होती. दुसरी इतकं गोड बोलायची, की मी मनातल्या मनात तिचं नाव गोडबोली ठेवलं होतं. नर्सनं या बैठकीचा एक नियम केला होता. "इथं मत द्यायला बंदी नाही, आणि मनाला लावून घ्यायला परवानगी नाही."

मग काय, मतांचा नुसता पाऊस!

"कालची मॅच बघितलीस?" नर्स यायची तीच करवादत. "तो गोलकीपर आहे की दरवान? येईल त्याला आत सोडतो मेला!"

"मी म्हणते, नवरा निवडताना आधी त्याची आई बघावी," गोडबोली म्हणायची.

"तू काय बघितलं होतंस?"

"उंची! पंखा पुसायला बरा पडतो."

मालकीण हसता हसता टीप वाकडी घालायची आणि मग उसवत बसायची. ते दिवस चांगले होते, हे मला कबूल केलंच पाहिजे.

एक दिवस मालकिणीनं स्वतःचा विषय काढला. मुलींच्या शिवणशाळेत शिक्षिकेची जागा निघाली होती. अर्जासोबत नमुनावही द्यायची होती. तिची वही तयारच होती. चाळीस पानं, प्रत्येक पानावर एक नमुना. काज, चुण्या, गोट, खिसा, कॉलर. सगळे माझ्यावर शिवलेले. शेवटच्या पानावर पोरीनं हट्टानं एक लाल बटण लावलं होतं, वाकडं.

"करू का अर्ज?" तिनं विचारलं.

"विचारतेस काय? कालच करायला हवा होतास," नर्स म्हणाली.

गोडबोलीनं मालकिणीच्या गुडघ्यावर हात ठेवला. "माझं मत विचारशील ना, तर नको गं. पोर केवढीशी आहे. दमून येशील, तिला जवळ कधी घेशील? नोकऱ्या काय, येतच असतात."

मालकिणीनं झोपलेल्या पोरीकडे पाहिलं आणि अर्जाचा कागद घडी घालून माझ्या खणात ठेवला.

"वही मात्र दोन दिवस दे हं," जाताना गोडबोली म्हणाली. "घरी सगळ्यांना दाखवते तुझं काम."

महिनाभरानं ती मिठाईचा डबा घेऊन आली. "अगं, सहज अर्ज टाकला, तर मलाच घेतलं की! वही? ठेवलीय कुठंतरी, सापडली की देते."

पुढे नर्स त्या शाळेत मुलींच्या तपासणीला गेली. तिथून आली ती तडक आमच्याकडे, चपलासुद्धा न काढता. "तुझी वही मुख्य बाईंच्या खोलीत आहे, काचेच्या कपाटात. नावाचं पान फाडलंय. पण लाल बटण तसंच आहे! ऊठ, आत्ताच्या आत्ता जाऊन तोंडावर विचार."

मालकीण उठली नाही. "मत मी मागितलं, तिनं दिलं," ती म्हणाली. "इथं मनाला लावून घ्यायचं नाही, असं तूच ठरवलंस ना?" आणि तिनं पायडल इतकं जोरात दाबलं, की माझी वादी सटकली. नियम गप्पांसाठी होता, चोरीसाठी नव्हता. पण त्या साध्याभोळ्या बाईनं तो तिथंही पाळला. ती गोडबोलीला एका शब्दानं बोलली नाही. तिला पूर्वीसारखंच पाणी विचारत राहिली.

मी मात्र डूख धरला.

गोडबोली शाळेत शिकवायचा धडा आधी माझ्यावर गिरवून बघायची. मी तिचा दोरा गुंतवला. एका आठवड्यात तीन सुया मोडल्या. एकदा तिच्या बोटाच्या टोकाला सुई लावली. थोडीशीच. "ही मशीन आता भंगारात दे गं," ती किंचाळली. मालकिणीनं माझ्या मानेवरून फडकं फिरवलं आणि म्हणाली, "मला तर कधी त्रास देत नाही."

आणि मग आठ दिवसांपूर्वी गोडबोली एकटीच आली. दार लोटून बसली. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं.

"शाळेत सांगून बसले, नवरीचा पोशाख मीच शिवणार म्हणून. मुख्य बाई येणार, सगळ्या शिक्षिका येणार. आणि माझी गाडी चुण्यांपाशीच अडते! तू शिवशील ना? कुणाला बोलू नकोस हं. माझी लाज तुझ्या हातात आहे."

गोडबोलीनं आणलेल्या कापडावरून मालकिणीनं हात फिरवला. मग म्हणाली, "ठेव."

माप द्यायला नवरी स्वतः आली. ती शर्यतीत धावणारी मुलगी, पायात सदा बूट. आमच्या पोरीला बुटाची नाडी बांधायला तिनंच शिकवलं, म्हणून पोर तिला धावताई म्हणते. मापाची फीत कमरेला असतानाही तिनं एक गिरकी घेतली. "ताई, कमरेत अडकायला नको हं. मी लग्नात भरपूर नाचणार आहे!"

पोशाख झाला. मोतिया रंगाचा, वर अंगाबरोबर बसणारा, खाली मोठ्या घेराचा. बाह्या झाल्या, अस्तर झालं, चुण्या अशा पडल्या की वहीतलं पानच. राहिली ती कमरेची शिवण. सगळा घेर त्या एका शिवणीवर पेलायचा.

आज मालकिणीनं खणातून जुनं रीळ काढलं. तेही मोतिया रंगाचंच, पण अडगळीच्या खोलीत माझ्याबरोबर पडून पडून कुजलेलं. दोन बोटांनी ओढलं तरी तुटतं. तिनं ते मला लावलं. टाका मोठा केला, दोऱ्याचा ताण सैल केला. बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळलं नसतं. पहिली गिरकी, आणि घेर जमिनीवर. मुख्य बाईंसमोर, साऱ्या शाळेसमोर. मग सगळे विचारणार, हे शिवलं कुणी?

तिनं पायडलवर पाय ठेवला. मी इतकी हलकी आयुष्यात कधी चालले नव्हते.

मित्रांनो, मशीनला तेल घाला, धूळ पुसा, वादी सैल पडू देऊ नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी आणखी एक सांगते. माझ्यापुढं बसण्याआधी आपल्या पायात काय आहे ते बघा. पायातला राग सुईत उतरायला क्षणसुद्धा लागत नाही. मला तो अडवता येत नाही. आणि खरं सांगू? आज मला तो अडवायचाही नव्हता.

निम्मी कंबर शिवून झाली, तेव्हा पोर उठली. डोळे चोळत माझ्या पायडलपाशी येऊन बसली. तिनं रीळ पाहिलं.

"आई, हा तर बाहुलीचा दोरा. हा तुटतो, तूच म्हणालीस."

"हं."

"धावताई नाचली की तुटेल?"

मालकीण हळूच म्हणाली, "तुटेल."

"मग सगळे हसतील?"

"हसतील."

"कुणाला?"

"मावशीला. तिनं आपलं काहीतरी घेतलंय, बाळा."

पोरीनं उठून पोशाखाचा घेर दोन्ही हातांनी उचलला आणि स्वतःच्या कमरेला लावून बघितला. मालकिणीचा पाय थांबला. माझी सुई कापडात अर्धी उतरून तशीच राहिली.

"पण आई," पोरीनं विचारलं, "अंगावरचं तर धावताईचं सुटणार ना? मग धावताईनं आपलं काय घेतलंय?"