माझं मी काढून घेतलंय

"माझं जे काही होतं ते मी काढून घेतलंय. तुझं तुझ्याकडे," असं म्हणून त्रिफुनने लॅपटॉपचं झाकण इतक्या हलक्या हाताने मिटलं होतं, की दारिंकाला तेव्हाच संशय यायला हवा होता. हा माणूस कधी दारसुद्धा हळू लावत नसे.

ऑक्टोबर संपत आला होता. झायेचार गावातला लग्नांचा हंगाम उरकला होता आणि त्याच्याबरोबर दोघांची भागीदारीही. लग्नांचं चित्रीकरण त्रिफुन करायचा, त्याची फिल्म दारिंका जोडायची. इतकी वर्षं हे काम तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाललं. मग एका सकाळी तो उठला, ड्रोन आणि दोन्ही कॅमेरे घेऊन गेला आणि रस्त्यापलीकडे स्वतःचं दुकान थाटून बसला. दारिंकाच्या खिडकीतून त्याच्या काचेवरचा नवरीचा फोटो दिसायचा. तो फोटोही तिनेच सुधारून दिलेला होता.

तो गेला आणि थोड्याच दिवसांत लॅपटॉप मंदावला.

सकाळी सुरू केला की बरा चालायचा. दारिंका कामाला लागायची, पहिले दोनचार तुकडे झटपट जुळायचे. मग पंखा घुमायला लागायचा आणि यंत्राचे पाय जड व्हायचे. नवरी पायरीवर पाऊल उचलायची आणि ते पाऊल खाली टेकेपर्यंत दारिंकाची कॉफी संपायची.

"कामात रमू देतो आणि मग पाय धरतो," ती आईला म्हणाली. "अगदी त्रिफुनसारखा."

"त्रिफुन चांगला मुलगा आहे," पेर्सिदा म्हणाली. ती टेबलाच्या पलीकडे, चुलीजवळच्या आपल्या खुर्चीत कोबीची पानं सोलत बसली होती. "तू त्याला जेवायला कधी थांबवून घेतलं नाहीस."

दारिंकाने शोध घ्यायला सुरुवात केली ती नीट, एकेक शक्यता मिटवत. आत काय काय चालू आहे ते यंत्रालाच विचारलं. तिच्या स्वतःच्या कामाखेरीज काही चालू नव्हतं. व्हायरस शोधणारे कार्यक्रम लावले, त्यांनाही काही सापडलं नाही. मग सगळी लग्नं बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवली आणि लॅपटॉप पुसून कोरा केला. पहिला अर्धा तास तो वाऱ्यासारखा पळाला. मग पुन्हा पंखा, पुन्हा तेच जड पाऊल.

हात लावला तर तळ भाजत होता. म्हणजे आत कोणीतरी त्याला लपूनछपून राबवत होतं. दिसत नव्हतं, पुसून जात नव्हतं, याचा अर्थ एवढाच की लपवणारा हुशार होता. आणि तिच्या यंत्राला हात लावणारा हुशार माणूस जगात एकच होता. गावात दुरुस्तीचं दुकान होतं, पण ते चालवणारा त्रिफुनच्या लग्नात त्याचा कूम होता. ज्याने लग्नात माणसाशेजारी उभं राहून साक्ष दिली, तो त्याच्याविरुद्ध आयुष्यभर साक्ष देत नाही. तिथे लॅपटॉप नेणं म्हणजे त्रिफुनच्याच हातात देणं.

एरवी तिने हेही गिळलं असतं. पण ओब्रादच्या मुलीची फिल्म त्या यंत्रात अडकली होती.

नदीकाठच्या सगळ्यात मोठ्या लग्नाच्या हॉलचा ओब्राद मालक. सप्टेंबरात त्याच्या मुलीचं लग्न दोघांनी मिळून चित्रित केलं होतं. आता त्रिफुन त्याच्याकडे खेटे घालू लागला होता, पुढच्या हंगामातली हॉलची सगळी लग्नं आपल्याला मिळावीत म्हणून. ओब्राद कच्चा नव्हता. तो दारिंकाला म्हणाला, "सेंट निकोलसला माझी स्लावा. घराण्याच्या संताचा दिवस, अख्खं गाव जेवायला येतं. त्या दिवशी भिंतीवर माझ्या मुलीचं लग्न दिसलं पाहिजे. ते बघून ठरवीन, तू का तो."

स्लावा पुढे ढकलता येत नाही. संत कोणासाठी थांबत नाही.

डिसेंबर लागला तेव्हा दारिंकाने हिशेब केला आणि तिच्या लक्षात आलं की या गतीने फिल्म वेळेत होणं अवघड आहे. त्रिफुनला हेच हवं होतं. आता त्याला ते मिळू द्यायचं नव्हतं, एवढंच उरलं होतं.

लग्नाच्या कॅमेऱ्याचा मायक्रोफोन सदा जागा असतो. कॅमेरामनला त्याचा विसर पडतो, जोडणाऱ्याला पडत नाही. दारिंकाकडे त्रिफुनच्या बडबडीचे तासन्‌तास पडून होते. जून महिन्यातल्या एका लग्नात ओब्रादच्या हॉलमध्ये भाजलेल्या डुकराची परात आली, तेव्हा कॅमेऱ्यामागून त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता: "हे डुक्कर गेल्या शनिवारच्या लग्नालाही आलं होतं. ओळखलं मी, कान तोच आहे." मग ओब्रादच्या झुंबरांवर, ओब्रादच्या पोटावर आणि ओब्राद बिलात पाण्याच्या बाटल्या कशा लावतो त्यावर.

मिनिटभराचा तुकडा. तो कापायला आणि जोडायला मंद यंत्राने तिची अख्खी सकाळ खाल्ली. ती शांतपणे बसून राहिली. एका ठिकाणी त्रिफुनच्या पाठोपाठ एक बाई खळखळून हसत होती. ते हसणं तिने कापलं. मग तुकडा एका जुन्या गिऱ्हाइकाच्या हातून ओब्रादच्या फोनवर पोहोचवला.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं, की ओब्रादने त्रिफुनला हॉलच्या दारातून परत पाठवलं. डोक्यावर टोपी घालायलाही वेळ दिला नाही म्हणे.

दारिंकाने त्या रात्री कोबीची भाजी दोनदा वाढून घेतली.

स्लावा दोन दिवसांवर आली असताना त्रिफुन घरी आला. दार पेर्सिदाने उघडलं.

"पेर्सामावशी, आहे का ती?"

"ये रे माझ्या राजा! किती वाळलास! बस, बस." आणि दारिंका काही बोलायच्या आत तिने त्याच्यापुढे बशीत चमचाभर मनुकांचा मुरंबा आणि पाण्याचा पेला ठेवलाही. आता त्याला हाकलणं शक्य नव्हतं. घरातला मुरंबा खाल्लेल्या माणसाला कॉफी मिळेपर्यंत तरी बसू द्यावं लागतं.

तो पेर्सिदाच्याच खुर्चीत बसला, लॅपटॉपच्या पलीकडे. चमचा नीट चाटला, पाणी प्यायला.

"कापलंयस छान," तो म्हणाला. "डुकराच्या कानापाशी आवाज जरासा उडतो. पण ओब्रादला ते कुठलं कळायला."

"कसलं कापलं?"

"दारिंका, तो कॅमेरा माझा होता. तिथे मी होतो आणि तू होतीस. मी बोललो आणि तू हसलीस. तुझं हसणं कुठे गेलं?"

"तू आधी माझ्या यंत्रात काय ठेवलंस ते सांग. मग मी हसण्याचं सांगते."

"काय ठेवलंय?"

"ढोंग नको करूस रे. तू गेलास आणि हे मेल्यासारखं झालं. मला माहिती आहे तुझं काम."

त्रिफुनने लॅपटॉपकडे पाहिलं. पंखा घुमत होता. पडद्यावर ओब्रादची मुलगी चर्चच्या पायरीवर एक पाय हवेत धरून उभी होती.

"मी माझं काढून घेतलं होतं," तो सावकाश म्हणाला. "दुसरं काही केलं नाही."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ओब्राद. त्रिफुनसमोर त्याच्याशी बोलायची संधी तिला सोडवली नसती, पण आवाज थरथरला तर काय, म्हणून ती गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं.

"परवा," ओब्राद म्हणाला. "भिंत रंगवून घेतलीय मी. पांढरी."

"होईल, मालक."

"झालं पाहिजे. त्या हरामखोराला मी घालवलाय, आता माझ्याकडे तूच आहेस. तू तोंडघशी पाडलंस तर निश शहरातून माणूस आणीन."

ती परत आली तेव्हा त्रिफुन उभा होता. लॅपटॉप जागच्या जागी होता, पण त्याने त्याला हात लावलाय हे तिला दिसलं. तो अंगठा विजारीला पुसत होता. आई त्याच्याकडे कौतुकाने बघत होती.

"तापलंय फार," तो म्हणाला. त्याचा चेहरा गंभीर होता, डॉक्टरसारखा. "संपलं हे, दारिंका. आतला बोर्ड गेला. कोणी काही केलेलं नाही, वय झालं. नवीन घे."

"बाहेर हो."

"निघालोच. मावशी, मुरंबा झकास."

जिन्यावरून उतरताना तो शीळ घालत होता. दारिंकाला ते ऐकू आलं आणि तिला वाटलं, हरलेला माणूस शीळ घालून उसनं अवसान आणतोय.

पुढचे दोन दिवस यंत्र आधीपेक्षाही वाईट चाललं. मध्येच ते आपोआप बंद पडू लागलं. तिने बर्फाच्या पिशव्या तळाशी ठेवून पाहिल्या, खिडकी उघडून पाहिली. खिडकी आईने तिसऱ्या मिनिटाला लावून टाकली. स्लावाच्या दिवशी दुपारी हातात होतं तेवढं घेऊन दारिंका ओब्रादच्या घरी गेली.

पांढऱ्या भिंतीवर नवरीचं घर दिसलं, मिरवणूक दिसली, बँडवाले दिसले. नवरी चर्चच्या पायऱ्या चढली, दारात वळून हसली आणि भिंत पांढरी झाली.

पाहुणे पुढच्या चित्राची वाट बघत राहिले. स्लावाच्या मेणबत्तीशेजारी उभ्या असलेल्या ओब्रादने आधी भिंतीकडे आणि मग दारिंकाकडे पाहिलं.

"आणि माझा हॉल?"

"तो भाग अजून..."

"म्हणजे माझ्या मुलीचं लग्न चर्चच्या दारात संपलं? माझ्या हॉलमध्ये कोणी जेवलं नाही? का डुकराचा कान दिसेल म्हणून गाळलंस?"

शेवटच्या वाक्याला सगळे हसले. तुकडा सगळ्यांनीच पाहिला होता.

निशचा माणूस त्याच रात्री ठरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारिंका टेबलाशी बसली होती आणि लॅपटॉपकडे नुसती बघत होती. समोर पेर्सिदा कमरेला शाल गुंडाळून बसली होती.

"काल उघडलीस ना खिडकी? धरली माझी कंबर. इतके दिवस जपलं होतं मी."

"आई, आत्ता नको."

"आत्ता नको, मग कधी? हे तुझं यंत्र थंडीच्या तोंडाला माझ्या पोटावर फुंकर मारायचं. इथून, मागून. ऊन असो का गार, झोत तो झोत. मूत्रपिंडं जातात माणसाची. म्हणून तर ते बंद केलं मी. तू लक्ष दिलं असतंस थोडंच."

दारिंकाने मान वर केली.

"काय बंद केलंस?"

"ते भोक. तुझ्या बाबांची काळी टेप होती ना, विजेच्या तारांची, ती लावली. आत फ्लॅनेलचा तुकडा घालून. बघ की, किती साफ बसलीय. तुझ्या बाजूने दिसतही नाही."

आई बोलतच राहिली, कारण तिला थांबवणारं कोणी नव्हतं.

"त्रिफुनला मात्र कळतं. तू गॅलरीत होतीस, तेव्हा त्याने लगेच हात घातला. एक कोपरा सुटला होता. म्हणाला, 'मावशी, हे तुम्ही केलंत? उत्तम केलंत. आणखी आहे का टेप?' मी दिली. त्याने वरून दुसरी पट्टी लावली आणि अंगठ्याने अशी दाबून बसवली, की श्वाससुद्धा बाहेर येणार नाही. सख्खा मुलगा करणार नाही इतकं केलं."

दारिंका उठली, टेबलाच्या पलीकडे गेली आणि वाकली. बिजागरीच्या खाली, काळ्यावर काळी, दोन पदरी टेप. तिने नख घातलं. फ्लॅनेल ओढून काढल्याबरोबर आतून गरम वाफ तिच्या तोंडावर आली. पेर्सिदाने चटकन शाल वर ओढली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काढून टाकली असतीस."

दारिंका पुन्हा यंत्राशी बसली. जेवणाची वेळ होण्याआधी ओब्रादची मुलगी चर्चमधून बाहेर पडली, हॉलमध्ये आली, नाचली आणि तिने केक कापला. सुरेख फिल्म झाली. बघायला कोणी नव्हतं.

मग तिने कोट घातला आणि रस्ता ओलांडला. त्रिफुनच्या काचेवर, नवरीच्या फोटोच्या बरोबर तोंडावर तिने ती दोन पदरी टेप चिकटवली आणि अंगठ्याने दाबली. तो कॉफीचा कप घेऊनच बाहेर आला. दुकानात त्याच्याशिवाय कोणी नव्हतं.

"हे काय?"

"तुझं. राहिलं होतं माझ्याकडे."

त्याने वाकून पाहिलं. "वरची माझी. खालची मावशींची आहे."

"असू दे. दोन्ही ठेव. थंडी आहे."

"मी आत काही ठेवलं नव्हतं, हे कळलं ना तुला?"

"कळलं."

"मग?"

"मग काय? ओब्रादच्या डुकराबद्दल जे बोललास ते तूच बोललास. ते काही टेपने बोललं नाही."

त्रिफुन हसला नाही. कॉफीचा घोट घेऊन तो म्हणाला, "निशचा माणूस वाईट काढतो. आवाज तर भयंकर."

"ऐकलंय मी."

ती परत आली. आई खुर्ची उचलून चुलीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली होती आणि यंत्राकडे पाठ करून होती. दारिंकाने डिस्क जोडली आणि जून महिना उघडला. त्रिफुन फक्त ओब्रादबद्दल बोलला नव्हता. तो पाद्र्याबद्दल बोलला होता, नगराध्यक्षाच्या बायकोबद्दल बोलला होता, स्वतःच्या कूमबद्दल तर दर शनिवारी बोलला होता. तिने कानाला हेडफोन लावले. मध्येमध्ये ती बाई हसायची. तिथे ती सफाईने कापत पुढे गेली. आता यंत्र कुठेही अडत नव्हतं.