झाकणभर

साळूबाईने उडदाची पानं दोन्ही हातांनी बाजूला सारली. खाली एकही शेंग नव्हती. पुढचं झाड पाहिलं, त्याच्या पुढचं पाहिलं. पानं मात्र तळहाताएवढी. शेजारची नाचणी पोसून पोसून आडवी पडलेली.

नाचणीच्या दोन ओळी, मध्ये उडदाची एक, आणि नाचणीच्या बुडाशी बाटलीचं झाकणभर खत. उमरठच्या त्या चढावरच्या माळावर तिने हे जमवून आणलं होतं. लेकीच्या बाळंतपणाला ती दासगावला गेली आणि इकडे नवऱ्याने, येसाजीने, या झाकणभर खताच्या पाहणीला शेतकी खात्याचे साहेब येणार म्हणून उरलेलं अख्खं पोतं उधळलं. हिरवं दिसायला हवं ना! सगळा जोर पाल्यालाच गेला. माळ भरलेला दिसावा म्हणून राखेत जपलेलं उडदाचं बीसुद्धा त्याने पेरणीलाच संपवायला लावलं होतं. तिच्या आईकडून आलेलं बी. आता घरात दाणा नव्हता.

चढावरून बोलणं ऐकू आलं. पुढे येसाजी, मग साहेब, फोटोवाला, मागे गावातल्या बाया.

"वा! काय हिरवंगार आहे! खत किती घातलंत?"

"झाकणभर, साहेब," येसाजी म्हणाला. "त्याच्यावर दाणा नाय."

त्याने साळूबाईपुढे हात केला. तिने पदराची गाठ सोडून झाकण दिलं. ते तळहातावर मिरवत त्याने फोटो काढून घेतला. शाल चढली, टाळ्या पडल्या. वरून कीर्तन, आतून तमाशा! तिला नवऱ्याची शिसारी आली, आणि जिभेला कुलूप घालून उभ्या असलेल्या स्वतःची त्याहून जास्त.

शेजारची म्हातारी येसूबाई तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. तिने वाकून पानं उचलली, खाली पाहिलं, पुन्हा सोडली.

"बी ठेवलंस ना गो, साळू?"

साळूबाईने नकाराची मान हलवली.

दिवेलागणीला येसूबाईने पडवीत एक पुडकं आणून ठेवलं.

"तूच दिलेलं हाय मागं. राखेत घाल."

ती बसलीसुद्धा नाही.

येसाजी शाल पांघरूनच जेवायला बसला. नजर पुडक्यावर गेली.

"उडीद हाय? मग आमटी कर की गो झणझणीत. आज आपला मान झालाय."

"वाढते की."

येसाजीने कोनाड्यात ठेवलेलं झाकण तिने घेतलं, उडदाने भरून बाजूला ठेवलं. बाकीचं बी सुक्या भोपळ्यात ओतलं, वर राख घातली, तोंडात चिंधीचा बोळा घट्ट बसवला. मग ते झाकण त्याच्या भाकरीशेजारी उपडं केलं. कच्चे काळे दाणे ताटात घरंगळले.

"ह्ये काय?"

"झाकणभर," साळूबाई म्हणाली. "त्याच्यावर दाणा नाय."