मिनिटाला एकशे बत्तीस

आरती निम्म्यावर आली आणि श्रावणीच्या हातातलं ताट सुटलं. अंग थरथरलं, पाय लटपटले, आणि ती देव्हाऱ्यापुढेच कोसळली.

"देवी आली गं माय!" शेजारची सुनीती ओरडली. झालं! नवरात्राची तिसरी माळ, गुढियारी वस्तीतली ती दीड खोली, आणि बाया पटापट श्रावणीच्या पाया पडायला लागल्या. सासूबाईंनी, मंदाकिनीबाईंनी, सुनेच्या कपाळी मळवट भरला. आपल्या घरात साक्षात देवी! ऊर भरून आला होता त्यांचा.

"आई, मैं देवी नहीं हूँ," श्रावणी पडल्या पडल्या म्हणाली. "उभं राहिलं का मले असंच होते." पण ऐकतं कोण?

ऐकलं नवऱ्यानं. भार्गवनं दुसऱ्याच दिवशी तिला शंकर नगरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मंदाकिनीबाईही हट्टानं गेल्या, देवीची बाजू मांडायला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं, उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. ते सावरायचं काम मज्जातंतू आपसूक करतात. हिचे तिथे चुकतात, म्हणून काळीज धावत सुटतं. आणि म्हणाल्या, "माँजी, आप खुद गिनिए."

मंदाकिनीबाईंनी सुनेचं मनगट धरलं. निजलेली असताना मिनिटाला चौऱ्याहत्तर. मग श्रावणी उभी राहिली. नुसती उभी, ना चालणं, ना काही उचलणं. बोटाखाली नाडी उसळायला लागली. दहाव्या मिनिटाला एकशे बत्तीस! बाई थक्क झाल्या. अगं बाई, एवढ्याशा पोरीच्या आत हे केवढं चाललंय!

"ओट्याशी पन असंच होते?"

"हव. रोज."

तीन वर्षं रोजच्या वीस पोळ्या! मधेच टेकली की आपण तिला आळशी म्हणायचो. ओट्याशी आळशी आणि आरतीत देवी. बाईंना रडू फुटलं. "एवढी धावून राहिली होती तू, अन् मले कळलंच नाही, पोरी!"

अष्टमीला घर बायांनी गच्च भरलं. सुनीती ओटी घेऊन पुढे आली. "काकू, देवीले विचारायचं होतं. आमच्या पोट्टीचं लग्न कधी जमते?"

मंदाकिनीबाईंना क्षणभर मोह झाला. एवढा मान त्यांना जन्मात कधी मिळाला नव्हता.

"देवी नाही येत तिच्यात," त्या म्हणाल्या. "आजार हाय. ती बसूनच आरती करन."

"देवीपुढे बसून?" बायांत कुजबुज झाली. दोघी-तिघी चपला घालून निघूनही गेल्या.

मंदाकिनीबाईंनी ताट घेतलं, सुनेशेजारी मांडी घातली आणि खड्या आवाजात आरती धरली. आयुष्यात पहिल्यांदा, बसून.